बंद पडलेल्या जिनिंगच्या जागेवर गावाचं मैदान करता येतं का? सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की गावातलं सहकारी जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) वीस वर्षांपासून बंद आहे, साडेचार एकर जागा बाभळी आणि गाजरगवतात गेली आहे आणि पोरांना खेळायला जागा नाही. मैदान नक्की होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही असंच केलं. सहा वर्षं लागली, त्यातली दोन आमच्याच चुकीने गेली.

आधी आमचं कारण सांगतो. पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर आणि पोरींना 800 मीटर धावावं लागतं. आमचे पोट्टे पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर धावायचे. एका हिवाळ्यात धुक्यात ट्रकचा धक्का लागून एकाचा पाय मोडला. पाय जुळला, पण भरतीचं वय निघून गेलं. त्या आठवड्यातल्या ग्रामसभेला कधी नव्हे एवढी गर्दी झाली होती.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा, जेसीबीपासून नाही. संस्था अवसायनात निघाली असेल, म्हणजे ती गुंडाळायचा आदेश झाला असेल, तर जागा अवसायकाच्या (गुंडाळायचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात असते. सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 103 खाली त्याची नेमणूक होते. सरपंच कितीही चांगला असला तरी ती जागा देणं त्याच्या हातात नसतं. म्हणून सहायक निबंधकांकडे संस्थेची स्थिती विचारा आणि तलाठ्याकडून अगदी पहिल्यापासूनचे फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) काढा. जमीन संस्थेने विकत घेतली होती की शासनाने जिनिंगसाठी म्हणून दिली होती, यावर सगळं ठरतं. शासनाने अटीवर दिली असेल आणि वापर बंद असेल, तर ती परत घेऊन ग्रामपंचायतीला द्यावी अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आमची तशीच निघाली. पण आमच्या पहिल्या ठरावात गट क्रमांकच नव्हता. फाईल एका कार्यालयात दोन वर्षं पडून राहिली आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र आणि ‘खेळाचे मैदान’ हे शब्द स्पष्ट लिहा.

आता जागेबद्दल. 1972 ला एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस शासनानेच घ्यायची योजना, सुरू झाली, तेव्हा आमच्या जिनिंगसमोर बैलबंड्यांची रांग नाल्यापर्यंत लागायची, असं बाबा सांगतात. तेवढ्या वर्षांच्या कामाचं सगळं त्या मातीत उरलेलं असतं. गठाणी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे, खिळे, बोल्ट. वरून साफ दिसतं, पण एका पावसाने माती बसली की पट्टीची धार वर येते. आम्ही जुन्या स्पीकरची लोहचुंबकं एका फळीला ठोकली आणि ती फळी दोरीने ओढत सगळं मैदान आडवं-उभं फिरवलं. पहिल्या दिवशी दोन टोपली लोखंड निघालं. पहिल्या पावसानंतर पुन्हा फिरवलं, तेव्हाही अर्धं टोपलं निघालं. कितीही घाई असली तरी हे काम सोडू नका, पोरं अनवाणी खेळतात.

इंजिनघराजवळची माती तेलाने चिकट झालेली असेल, ती वेगळी काढा. कृषी विभागाच्या माती परीक्षणात सामू, कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळतं, तेल कळत नाही. त्या अहवालावर निर्धास्त होऊ नका. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. पत्रे फोडायचे नाहीत. पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून, अख्खे उतरवायचे. आगीसाठीचा हौद असेल तर पहिल्याच दिवशी त्यावर जाळी टाका.

मग काळी माती. आपली जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. त्यावर नुसता रोलर फिरवून मैदान होत नाही; आमचं पहिलं मैदान मार्चमध्येच फाटलं. दुसऱ्या वेळी फूटभर काळी माती उचलली. इंजिनघराकडची सोडून बाकीची कास्तकारांनी आनंदाने वावरात नेली. खाली मुरूम थरांनी टाकला आणि प्रत्येक थराला पाणी मारून दाबला. 100 फुटांना साधारण 1 फूट उतार ठेवला आणि कडेने नाली काढली. खर्चाचा मोठा भाग इथेच गेला आणि तो इथेच जायला हवा. कमान, नामफलक, रंगीत कंपाउंड यांच्यासाठी लोक आग्रह धरतील. तुम्ही नालीसाठी आग्रह धरा.

साडेचार एकरात शेड राखून 400 मीटरचा ट्रॅक बसत नाही, त्याला जवळपास 177 बाय 93 मीटर मोकळी जागा लागते. 200 मीटरचा करा. 1600 म्हणजे बरोबर 8 फेऱ्या, 800 म्हणजे 4. मधल्या जागेत कबड्डी (पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर), खो-खो, गोळाफेक सगळं होतं. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही.

जुनं सगळं पाडू नका. जर्मनीत डुइसबर्गला 1985 मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं उद्यान केलं. तिथे गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग शिकतात आणि खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर चढाई करतात. आम्ही कापूस टाकायचे ओटे ठेवले. आता संध्याकाळी म्हाताऱ्या तिथे बसतात, आणि आज्या बसलेल्या असतात म्हणूनच घरचे पोरींना अंधार पडेपर्यंत खेळू देतात. हा फायदा आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

पैशासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदान योजनेचा अर्ज करा. जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधीतूनही मागता येतं. पण जागा ग्रामपंचायतीच्या नावावर झाल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही.

म्हणून आज एवढंच करा. सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात बँकेचा बोजा आहे का ते पाहा. काय निघतं ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.