स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये लिटल मॅक हे पात्र मला दरवेळी जमिनीवर धुतं. कोणतं पात्र घेऊ आणि कसं लढू?

किर्बी किंवा पिकाचू घ्या आणि मॅकशी जमिनीवर लढूच नका, त्याला स्टेजबाहेर हवेत ढकला. मॅक मुष्टियोद्धा आहे: जमिनीवर भयंकर वेगवान, पण हवेतले वार अगदीच दुबळे आणि स्टेजवर परतण्याची ताकद सगळ्या पात्रांत तळाच्या काहींमध्ये मोडणारी. किर्बीला हवेत पाच उड्या मिळतात, त्यामुळे तो मॅकच्या मागे स्टेजबाहेर जाऊन निवांत परत येतो. मॅकचे स्मॅश वार (सगळ्यात जोरदार वार) सुरू होताना त्याला चिलखत असतं. तुमचा ठोसा बसला तरी तो थांबत नाही आणि उलट तुम्हालाच लागतं. तिथे मारू नका, ग्रॅब करा (म्हणजे त्याला पकडा), चिलखत ग्रॅबपुढे चालत नाही. मग कडेकडे फेका. बॅटलफील्डसारखं फळ्यांचं स्टेज निवडता आलं तर नक्की निवडा, वर बसलात की त्याला उडी मारावीच लागते.

एक मात्र सांभाळा: त्याचं केओ मीटर (खास जोरदार अपरकटसाठी भरत जाणारी पट्टी) भरलं की शील्ड (बचावाची ढाल) धरून उभे राहू नका, जमिनीवरून मारलेला तो अपरकट शील्ड फोडून लागतो. तेवढा वेळ उड्या मारत अंतर ठेवा.