चाक तापतंय, खरखरतंय? आधी पिना बघा

पावसात गाडी चार दिवस उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज येतो. ती खरखर आठ-दहा ब्रेकांत जाते. त्यानंतरही आवाज राहिला आणि एकाच चाकाची धग लागत असेल, तर बहुधा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, अडकलाय. खाऱ्या हवेत बहुधा त्याच्या स्लाइड पिनाच (ज्यांवर तो सरकतो) धरतात.

पुढचं चाक काढण्याआधी मागच्यांना उटी (चाक अडवणारा अडसर) लावा, गाडी जॅक-स्टँडवर घ्या. चिऱ्याचा टेकू नको, जांभा फुटतो. कॅलिपर सोडवून तारेने बांधा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. पिन बोटांनी सरकायला हवी. गंज पुसा, खड्डे पडले असतील तर पिन नवी, तिच्यावरचं रबरी बूट फाटलं असेल तर तेही. ग्रीस सिलिकॉनचंच, पातळ. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन पुन्हा जाम! पॅडचं अस्तर ३ मिमीखाली असेल तर दोन्ही चाकांचे पॅड बदला. कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने हळू आत दाबा, ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा. सांडलं तर गाडीचा रंग उडतो. पिस्टन हलतच नसेल तर मेकॅनिककडे. निघण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

पावसाळ्यात घरच्या सपाट अंगणात हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा.