जुना थिंकपॅड एक्स२२० थकला आहे. ५० हजारांत त्याच्या जागी कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते एवढं: २०१२ पासून एक्स२२० वापरताय, बॅटरी पाऊण तास टिकते, बिजागरी सैल झाली आहे आणि विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यामुळे आता बदलणं भाग आहे. काम भाषांतराचं आणि थोड्या हिशेबाचं. रोज मुलुंड ते सीएसएमटी लोकल. बजेट ५० हजार, आणि त्या कीबोर्डवर जीव जडलेला.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. या पैशांत कोरा लॅपटॉप घेऊ नका. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेला, तीन-चार वर्षं वापरलेला बिझनेस मालिकेतला लॅपटॉप घ्या. पहिली पसंती लेनोवोचा थिंकपॅड टी१४ जेन ३ (जेन म्हणजे पिढी), तोही इंटेल प्रोसेसरचा. तो मनासारखा मिळाला नाही तर टी१४ जेन २ किंवा एचपी एलिटबुक ८४० जी८. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. पाच-सहा हजार रुपये बॅटरीसाठी बाजूला ठेवूनच भाव करा.

कोरा का नको? ५० हजारांच्या आतल्या नव्या लॅपटॉपमध्ये काटकसर नेमकी तिथे केलेली असते जिथे नंतर काही करता येत नाही. झाकण प्लॅस्टिकचं असतं आणि बिजागरीचे स्क्रू त्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नळ्यांत बसवलेले असतात. बिजागरी कडक झाली की स्क्रू सुटत नाही, नळी प्लॅस्टिकसकट उपटून येते. पडदा मंद असतो, खिडकीजवळ बसलं की अक्षरं पुसट दिसतात. आणि प्रोसेसरच्या नावात फसगत असते. रायझन ५ ७५२०यू हा आकडा पाहून २०२३ चा ताजा माल वाटतो, पण एएमडीच्या त्या मालिकेत चिपच्या रचनेची पिढी तिसऱ्या आकड्यात लपलेली आहे: २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. म्हणजे ७५२०यू मध्ये २०१९ ची रचना आहे आणि रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली. असा ८ जीबीचा लॅपटॉप घेतलात तर तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच राहतो.

एक्स२२० इतकी वर्षं का चालला, तेही पाहा. रॅमचे दोन स्लॉट, बाहेरून निघणारी बॅटरी, काही स्क्रू काढले की हातात येणारा कीबोर्ड. जे झिजलं ते बदलता आलं. म्हणून नवा निवडताना प्रोसेसरपेक्षा आधी हे बघा की कुठली गोष्ट नंतर बदलता येणार नाही. तुमच्या कामाला इंटेलची आठव्या पिढीनंतरची कुठलीही आय५ चिप पुरते.

कीबोर्डबद्दल स्पष्ट सांगतो: सात ओळींचा, वर उजवीकडे डिलीट-होम-एंडचा सहा बटणांचा गठ्ठा असलेला तो कीबोर्ड परत मिळणार नाही. २०१२ च्या एक्स२३० पासूनच लेनोवोने सहा ओळी केल्या. थिंकपॅड टी४८० च्या काळात बटण साधारण १.८ मिलिमीटर खाली जायचं, हल्लीच्या पातळ मॉडेलांत १.५ किंवा त्याहूनही कमी. तरीही आजच्या बाजारात दिवसभर टंकायला टी मालिकेइतकं चांगलं फारसं काही नाही. तुमची बोटं फंक्शनचं बटण डाव्या कोपऱ्यात धरून चालतात आणि टी१४ च्या या पिढ्यांत ते तिथेच आहे. एलिटबुकमध्ये कोपऱ्यात कंट्रोल आहे, त्यामुळे पहिले काही दिवस हात चुकेल. कीबोर्डच्या मधल्या, कर्सर हलवणाऱ्या लाल बिंदूवाचून चालणारच नसेल तर थिंकपॅडच बघा. घरी टेबलावर काम होत असेल तर लेनोवोचा लाल बिंदूवाला वेगळा यूएसबी कीबोर्डही मिळतो.

रॅमचं नीट समजून घ्या, कारण एकाच नावाखाली दोन वेगळे लॅपटॉप विकले जातात. टी१४ जेन १ आणि जेन २ मध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा. जेन ३ च्या इंटेल अवतारातही तसंच. पण जेन ३ च्या एएमडी अवतारात एकही स्लॉट नाही, सगळी रॅम सोल्डर केलेली. थिंकपॅडच्याच टी१४एस, एक्स१३ आणि एक्स१ कार्बन यांतही नाही. डेल लॅटिट्यूड ५४२० मध्ये दोन स्लॉट आहेत, ७४२० मध्ये शून्य. एलिटबुक ८४० जी८ मध्ये दोन. एक्स२२० इतकं लहान हवं म्हणून एक्स१३ कडे मन ओढ घेत असेल तर तो १६ जीबीवालाच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा ‘आत्ता ८ घेऊ, पुढे वाढवू’ हा हिशेब महागात पडतो. तुमच्या जुन्या डीडीआर३ पट्ट्या यांत बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते.

टी४८० ची शिफारस तुम्हाला अनेक जण करतील. दोन स्लॉट आणि मागून निघणारी बॅटरी, एक्स२२० वाल्याला आपलासा वाटावा असाच तो आहे. आत २४ वॉट-अवरची एक बॅटरी, बाहेर २४, ४८ किंवा ७२ ची दुसरी. आतलीच्या जोरावर लॅपटॉप चालू ठेवून बाहेरची बदलता येते. पण तो २०१८ चा आहे आणि विंडोज ११ ज्या आठव्या पिढीपासून चालतं त्याच पायरीवर उभा आहे. पुढे अट एक पायरी वर गेली की पहिला तोच गळेल. त्याच्या थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या, फर्मवेअरमध्ये एक दोषही आहे: चिपची मेमरी हळूहळू भरत जाते आणि मग यूएसबी-सी पोर्ट चार्जिंगला दाद देईनासा होतो. लेनोवोने त्यावर अपडेट काढलेला आहे, तो विकत घेतल्याच दिवशी टाकायचा. विंडोजऐवजी लिनक्स वापरणार असाल तर टी४८० खुशाल घ्या. विंडोजवर सहा-सात वर्षं काढायची असतील तर नको.

जेन ३ ला पहिली पसंती देण्याचं कारण पडदा. १९२० बाय १२००, म्हणजे नेहमीच्या १०८० पेक्षा उंचीला १२० ठिपके जास्त. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवून काम करणाऱ्याला स्क्रोलिंग कमी होतं. एलिटबुक घेताना प्रायव्हसी पडद्याचं मॉडेल टाळा. बाजूने काळोख दिसावा अशी त्याची रचना असते आणि समोरूनही तो थोडा मळकट वाटतो.

आता खरेदी. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, शनिवारची गर्दी टाळून कामाच्या दिवशी सकाळी जा. एका यंत्राला निदान तासभर द्यायचा आहे. सोबत फोन, ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर, इअरफोन आणि लिनक्स मिंट टाकलेला पेनड्राइव्ह घ्या.

सगळ्यात आधी कुलूप तपासा. कंपनीच्या लॅपटॉपला दोन कुलपं असू शकतात. पहिलं बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगचं: चालू करताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबा. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो सांगता आला नाही तर तिथेच थांबा, अशा बोर्डाचं पुढे काही करता येत नाही. दुसरं कुलूप अधिक धोक्याचं, कारण ते दुकानात दिसत नाही. यंत्र जुन्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट ऑटोपायलट यादीत (कंपनीच्या ताब्यातल्या यंत्रांची ऑनलाइन नोंद) राहिलेलं असेल तर आज नीट चालतं, पण पुढे कधी विंडोज पुन्हा टाकलं की कंपनीच्या नावाचं लॉगिन पान समोर येतं. म्हणून दुकानातच विंडोज रीसेट करायला लावा आणि सुरुवातीच्या सेटअपमध्ये आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. साधं पान आलं तर ठीक. दुकानदार ‘इंटरनेट नंतर जोडा’ म्हणाला तर अजिबात ऐकू नका.

मग बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टंकलं की अहवालाची फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आत्ता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारीच दिसते. ८० टक्क्यांच्या वर असेल तर चांगली, ६० च्या खाली असेल तर बदलायची आहे असं धरून भाव पाडा. टचपॅड वर आलेलं किंवा तळ टेबलावर डुगडुगणारा दिसला तर बॅटरी फुगली आहे, ते यंत्र बाजूला ठेवा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये टक्क्यांत दिसते.

विंडोज अस्सल आहे का, यासाठी एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर. ‘कायमचं सक्रिय’ अशा अर्थाचा संदेश यायला हवा. त्याऐवजी मुदतीची तारीख आली तर ती कंपन्यांना मिळणाऱ्या घाऊक परवान्याची किल्ली आहे. १८० दिवसांत तिचं नूतनीकरण झालं नाही की ती बंद पडते.

पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. लोकलच्या गर्दीत दाबली गेलेली यंत्रं इथे उघडी पडतात, पांढऱ्यावर अधिक पांढरे गोल डाग दिसतात. ते जात नाहीत. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टात आपला चार्जर सरळ आणि उलटा असा दोन्ही बाजूंनी लावा आणि हलकेच हलवा. चार्जिंग तुटलं तर पोर्ट सैल आहे, आणि तो बोर्डावर सोल्डर केलेला असल्याने दुरुस्ती मोठी. एंटर बटणाचा आकारही पाहा. आयात केलेल्या मालात युरोपी किंवा जपानी कीबोर्ड असतो आणि वर स्टिकर चिकटवलेले असतात. तुमच्यासारख्या न बघता टंकणाऱ्याला ते रोज छळेल. वीस मिनिटं व्हिडिओ कॉल चालवा. त्यातच कॅमेरा, माइक आणि पंखा तिन्ही कळतात.

शेवटी खालचं झाकण उघडून दाखवायला सांगा. मुंबईच्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही आहेत. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी सोडा. आज चालेल, पावसाळ्यात दगा देईल. बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल क्रमांक लिहून घ्या आणि तो बायोसमधल्या क्रमांकाशी ताडून बघा. वॉरंटीत बॅटरी आणि पडदा धरला आहे का, हे बिलावरच लिहून मागा.

मॅकबुक एअर एम१ याच पैशांत वापरलेला मिळेल. बॅटरी उत्तम, पंखाच नाही. पण रॅम आणि एसएसडी दोन्ही सोल्डर केलेली, कीबोर्ड उथळ, आणि तुमच्या कामात आणखी एक अडचण आहे, ती पुढे सांगतो.

ती अडचण जुन्या मराठी फाइलींची. २०१२ पासूनचं काम म्हणजे त्यातलं बरंचसं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. ते सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजचं, काहींना यूएसबीला लावायचं परवान्याचं डाँगल लागतं. म्हणून मॅक नको, आणि स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉपही नकोत. तिथे जुन्या डाँगलचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर चालत नाहीत. एक्स२२० चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये बदलून ठेवा. जोडाक्षरं आणि रफार तपासत बदला, बहुतेक चुका तिथेच होतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डची सवय असेल तर नव्या यंत्रावर काहीच शिकायचं नाही. विंडोज ११ मध्ये मराठी फोनेटिकही आहे, आणि इंग्रजी (भारत) कीबोर्ड निवडला की उजवं ऑल्ट धरून ४ दाबल्यावर रुपयाचं चिन्ह उमटतं.

बाकी डेटा न्यायला जुनी सॅटा डिस्क काढून २.५ इंची यूएसबी केसमध्ये घाला, झालं. नव्यावर विंडोजने डिस्क आपोआप कूटबद्ध केली असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या या कूटबद्धतेची) रिकव्हरी किल्ली कागदावर उतरवून घरात ठेवा. बोर्ड बदलावा लागला तर तिच्याशिवाय स्वतःच्याच फाइली उघडत नाहीत.

घरात जुनं वायरिंग असेल आणि धातूच्या झाकणाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅपटॉप बिघडलेला नाही, सॉकेटला अर्थिंग नाही. तीन पिनांचा अडॅप्टर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. लोकलमध्ये सॅक पुढे घ्या, पण लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात ठेवा आणि डबा-बाटली त्याला टेकू देऊ नका. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा.

एक्स२२० लगेच विकू नका. त्यातली टीपीएम ही सुरक्षा चिप जुन्या १.२ आवृत्तीची असल्यामुळे विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, पण लिनक्स मिंट सुखाने चालतं. दोन-तीन महिने तो शेजारी असू द्या, कुठली फाइल राहिली ते तेवढ्यात कळतं. त्याची बॅटरी फुगली असेल तर मात्र ती आजच काढा आणि सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. एक्स२२० बॅटरीशिवाय थेट अडॅप्टरवर चालतो.