चर्चच्या मंडळीत नवा आहेस, म्हणून सांगतो

रविवारची उपासना संपली की क्वार्टर गेटच्या बाजूला चहा होतो, आणि चहाबरोबर कोण दारू पितो, कुणाची मुलगी कुणाबरोबर फिरते, हेही निघतं. तिथे फार रेंगाळू नकोस.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (अध्याय ७) कुसळ-मुसळ सगळ्यांना पाठ. पाचवं वचन मात्र घाईत निसटतं. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला नीट दिसेल, असं येशू म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! ‘पापाला पाप म्हणू नये’ असा अर्थ कुणी लावला, तर मान डोलावू नकोस. गलतीकरांस पत्रात (६:१) प्रेषित पौल चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतो, तेही स्वतःला सांभाळून.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली पापांची यादी वाचताना हटकून दुसऱ्यांचे चेहरे आठवतात. तिथे पुस्तक मिटू नकोस, लगेच २:१ वाच. दोष लावणारा स्वतःही तेच करतो, त्याला सबब नाही. देव तोंड पाहून न्याय करत नाही, हे २:११ मध्ये आहे. शेवटचा निकाल त्याचा.

कुणाशी त्याच्या चुकीबद्दल बोलायचंच झालं तर आधी एकट्याला गाठ. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर, मत्तय १८:१५-१७ प्रमाणे.