एका पोटासाठी तीन पथ्ये

वेंगुर्ला तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षिकेचे पत्र आले आहे. वय 36. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्यात दीर्घकाळ सूज आणणारा आजार, असल्याचे निदान झाले. त्याआधी काही महिने आतड्याचा क्षय समजून औषधे चालू होती. सध्या ती सूज दाबून ठेवणाऱ्या अझाथायोप्रिनच्या गोळ्या सुरू आहेत आणि गेल्या वर्षीच्या एमआरआयमध्ये आतड्याचा एक तुकडा अरुंद झालेला दिसला आहे. अमेरिकेतील मावसबहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार, आहे; तिने सर्व धान्ये सोडायला सांगितले. ऑनलाइन सल्ला देणाऱ्या आहारतज्ज्ञांनी भात ठेवून कांदा, लसूण, दूध आणि कडधान्ये बंद केली. सासूबाईंचा भरवसा पेज आणि ताकावर. त्या लिहितात, “दर दोन-तीन आठवड्यांनी मी एक पथ्य सोडून दुसरे धरते. वजन 52 वरून 44 किलोवर आले. शाळेत असताना शौचालयाच्या धास्तीने मी पोटात काही घालतच नाही. घरात माझ्यासाठी वेगळे शिजवावे लागते, त्याची लाज वाटते. यातले खरे पथ्य कोणते? आणि ते नीट पाळले तर गोळ्या बंद करता येतील का?”

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती एका ओझरत्या वाक्याची, ते म्हणजे वजनाची. 52 किलोच्या शरीरातून आठ किलो जाणे म्हणजे सुमारे 15 टक्के वजन जाणे होय, आणि क्रोन्सच्या आजारात असे कुपोषण ही स्वतंत्र हानी असते: त्याने स्नायू झिजतात, जखमा भरायला वेळ लागतो, आणि पुढेमागे शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर धोका वाढतो. म्हणून कोणते पथ्य खरे या प्रश्नाच्या आधी मी एक अट घालते. ज्या पथ्याने तुमचे वजन आणखी उतरेल ते पथ्य, त्याचे गुण कितीही सांगितले जात असले तरी, आज तुमच्यासाठी नाही.

गोळ्यांविषयीचे उत्तर थोडक्यात आणि स्पष्ट देते. अझाथायोप्रिन स्वतःहून बंद करू नका. या गोळीचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, तसाच तो ओसरतोही हळूहळू, त्यामुळे गोळी सोडल्यावर काही आठवडे काहीच बिघडले नाही असे वाटते आणि त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या पथ्याला मिळते. आतड्यातील सूज मात्र त्याच काळात पुन्हा डोके वर काढत असते. गोळ्या कमी करायच्या असतील तर तो निर्णय तपासण्या पाहून तुमच्या पोटविकारतज्ज्ञांनी घ्यायचा आहे, आणि तोवर या गोळीसाठी लागणारी रक्ताची नियमित तपासणीही चुकवू नका.

आता पथ्यांकडे वळते. तुम्हाला सांगितलेली तिन्ही पथ्ये एकमेकांना खोडून काढतात असे तुम्हाला वाटते, कारण तिन्ही ‘पोटासाठी’ म्हणून तुमच्यापर्यंत आली. प्रत्यक्षात ती तीन वेगळ्या दुखण्यांवर निघालेली आहेत, आणि हे एकदा लक्षात आले की अर्धा गोंधळ मिटेल.

मावसबहिणीचे धान्यबंदीचे पथ्य न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सीलिॲक आजाराच्या मुलांसाठी आखले. त्या काळी सीलिॲक कशाने होतो हे कुणालाच ठाऊक नव्हते; गव्हामुळे होतो, हे नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम डिके यांनी 1950 च्या सुमारास दाखवून दिले. पुढे हास यांच्या उपचाराने आपल्या मुलीचा कोलायटिस बरा झाला असे सांगणाऱ्या एलेन गॉटशाल या आईने ते पथ्य आतड्यांच्या आजारांसाठी लोकप्रिय केले. त्यात तांदूळ, नाचणी, गहू, बटाटा, साखर, दूध हे सारे वर्ज्य. मध, पिकलेले केळे, अंडी, मासे आणि पुरे चोवीस तास विरजलेले दही चालते. क्रोन्सच्या प्रौढ रुग्णांवर या पथ्याची नीट तुलना झाली ती अमेरिकेत, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत. एका गटाला हे पथ्य दिले, दुसऱ्याला मासे, भाज्या, फळे, डाळी आणि धान्ये असलेला भूमध्य सागराकाठचा साधा आहार दिला. सहा आठवड्यांनी लक्षणे शांत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 46 टक्क्यांच्या आसपास होते आणि दुसऱ्या गटात 43 टक्क्यांच्या आसपास. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. ज्यांना बरे वाटले त्यांना बरे वाटले हे खरेच आहे, तेव्हा तुमच्या बहिणीच्या अनुभवाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. परंतु भात सोडल्याने ज्यादा काही पदरात पडते, असे त्या चाचणीत दिसले नाही. शिवाय तिचे दुखणे मोठ्या आतड्यात आहे, तुमचे लहान आतड्यात, आणि त्यातही अरुंद झालेल्या जागी. तिला चालणारे मूठभर बदाम तुम्हाला रात्रभर कळा आणू शकतात.

आहारतज्ज्ञांनी दिलेले पथ्य लो-फॉडमॅप या नावाने ओळखले जाते. ते ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात, 2005 च्या सुमारास पुढे आले. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध, मध, आंबा यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगते, हा त्यामागचा विचार. ज्यांच्या आतड्यात सूज नाही पण पोट सतत कुरकुरते अशा आयबीएसच्या रुग्णांसाठी ते मुख्यतः वापरले जाते. क्रोन्स शांत असतानाही फुगणे आणि गॅस उरला असेल तर त्याने आराम पडू शकतो; सूज त्याने उतरत नाही. आणि ते कायमचे पाळण्यासाठी आखलेलेच नाही: दोन ते सहा आठवडे वर्ज्य करायचे आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसतो ते पाहायचे, अशी त्याची रीत आहे. तुमच्या पत्रावरून दिसते की वर्ज्य करायची यादी तुम्हाला मिळाली, परत आणण्याचा टप्पा मात्र कुणी समजावून दिला नाही. याचे मला वाईट वाटले, कारण पथ्याचा खरा उपयोग त्याच टप्प्यात असतो.

आता ही दोन पथ्ये शेजारी ठेवून पाहा. एक भात काढते आणि मध, कांदा, काजू ठेवते. दुसरे भात ठेवते आणि नेमके मध, कांदा, काजू काढते. पथ्य बदलताना आधीच्या यादीतले काही परत घ्यायला तुम्ही भीत गेलात, आणि दोन्हीकडचे वर्ज्य एकत्र झाल्यावर पानात उरले तरी काय? वजन उतरण्याचे एक कारण मला इथे दिसते आणि दुसरे शाळेतल्या उपवासात.

सासूबाईंच्या पेजेला मी कमी लेखणार नाही. तांदळाचा पिष्टमय भाग लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण पचतो, त्यामुळे त्याने गॅस फारसा धरत नाही, आणि जुलाबात मीठ घातलेली पेज शरीरातले पाणी व क्षार टिकवते. दुखणे उसळलेले असताना उकड्या तांदळाची पेज घ्यावी, जरूर घ्यावी. पण पेजेत पाणीच अधिक असते आणि प्रथिने अगदी थोडी, म्हणून दोन-तीन दिवसांपलीकडे केवळ तिच्यावर राहणे तुमच्या वजनाला परवडणारे नाही. ताकाचेही तसेच: दूध सोसत नसले तरी पुष्कळांना दही-ताक सोसते, तेव्हा घ्या, मात्र पातळ ताकाला जेवण समजू नका. जाता जाता एक माहिती देते, कारण तिने तुम्हाला धीर येईल. क्रोन्सच्या मुलांसाठी इस्रायलमधील डॉक्टरांनी पोषक पेयाच्या जोडीने आखलेल्या आणि 2019 मध्ये चाचणी प्रसिद्ध झालेल्या पथ्यात गहू, दूध, लाल मांस आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ पहिल्या सहा आठवड्यांत वर्ज्य आहेत, परंतु त्या काळातही भात, बटाटा, केळे, अंडी चालतात. ज्या पथ्याने सूज उतरते असा चांगला पुरावा आहे, त्यातही भात आहे.

या तिघांपैकी कुणीही जी गोष्ट बोलले नाही ती तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे अरुंद झालेले आतडे. तिथे प्रश्न पदार्थाच्या गुणाइतकाच त्याच्या चोथ्याचा आहे. न चावला गेलेला तंतू अशा जागी अडकतो. म्हणून फणसाचे गरे, शेवग्याच्या शेंगेचे साल, मक्याचे दाणे, संत्र्याची साले, भाजलेले काजू आणि शेंगदाणे, पालेभाज्यांचे देठ हे सध्या दूर ठेवा. शेंगेचा गर चमच्याने खरवडून आमटीत घातला तर हरकत नाही. ओल्या खोबऱ्याचा कीस जपून खावा. सोलकढीत मात्र नारळाचा गाळलेला रसच असतो, ती तिखट न करता वाटीभर घेऊन पाहा. गणपतीच्या दिवसांत एखादा उकडीचा मोदक सावकाश चावून खाल्ला तर बहुधा काही बिघडणार नाही, पण ऋषीच्या भाजीतले माठाचे देठ आणि मक्याचे तुकडे मात्र पानातून वगळा, आणि तसे का करता हे वाढणाऱ्याला मोकळेपणाने सांगा.

मग खायचे काय? मऊ भात हा पाया राहू दे. त्यावर मासे: आपल्याकडे आजाऱ्याला मुडदुशाचे पातळ कालवण देण्याची रीत आहे ती फार शहाणपणाची आहे, आणि बांगडा-तारलीत ज्या ओमेगा-3 स्निग्धांशाचे कौतुक होते तो तुमच्या बंदरावर स्वस्तात मिळतो. बांगड्याचे तिखले तिरफळे घालून, मिरची बेताने वापरून, कांद्याशिवायही उत्तम होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा रोज दोन अंडी घ्या. दुधी, लाल भोपळा, सोललेला बटाटा शिजवून घोटून, पिकलेले केळे, पातळ मूगडाळ, जमेल तेव्हा चमचाभर तेल अधिक. नाचणीची भाकरी सध्या राहू दे, पण नाचणी रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेल्या सत्त्वाची खीर करता येते, आणि त्या फडक्यातच बराचसा चोथा राहतो. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण गाळताना त्यातले काही जाते, म्हणून तुमचे दूध बंद आहे आणि मध्यंतरी स्टेरॉइड घेतले असेल तर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचाराच.

यानंतर एका वेळी एकच बदल. दोन आठवडे वाटणातून कांदा-लसूण काढून पाहा, बाकी काहीही हलवू नका. लसणाचा वासच हवा असेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाका. त्रास देणारा अंश पाण्यात विरघळतो, तेलात नाही. फरक पडला नाही तर कांदा परत आणा आणि त्या प्रश्नातून मोकळ्या व्हा. वहीत रोज चार ओळी पुरेत: काय खाल्ले, किती वेळा जावे लागले, कळ कुठे आली, आठवड्याचे वजन. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. तुमच्या आतड्याचा जो भाग आजारी आहे तोच पित्तक्षार आणि ब-12 जीवनसत्त्व शोषून घेतो. तो बिघडला की तुपकट, तळलेले खाल्ल्यावर जुलाब होतात आणि दोष सोबतच्या कांद्याला लागतो. यावर औषध मिळते, म्हणून असे होत असेल तर तेही वहीत लिहा.

शाळेतील उपाशी राहणे मला तुमच्या आजाराइतकेच गंभीर वाटते. मुख्याध्यापकांना आजाराचे नाव सांगा, वर्ग चालू असताना बाहेर जावे लागले तर शेजारच्या शिक्षिकेने मुलांकडे पाहावे एवढी व्यवस्था मागा, आणि डब्यात थोडा घोटलेला दहीभात व उकडलेले अंडे घेऊन जा. दिवसभर रिकामे ठेवलेले पोट संध्याकाळी एकदम भरले की अरुंद जागेवर ताण अधिकच येतो. पाच-सहा लहान जेवणे त्यापेक्षा सोसतात. आणि वेगळ्या शिजवण्याविषयी म्हणाल तर वर सांगितलेल्यातले बहुतेक सर्व घरच्याच चुलीवर होते: भात सर्वांचा, कालवण सर्वांचे, तुमच्या वाटणीचे तिखट घालण्याआधी काढून ठेवायचे. ही जबाबदारी सासूबाईंकडेच सोपवा. पेज करून देणाऱ्या माणसाला त्या पेजेवर अंडे फेटून घालायला सांगितले तर त्यांचा मान राहतो आणि तुमचेही काम होते.

तपासणीसाठी तुम्ही गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जात असाल किंवा कोल्हापूरला, पुढच्या भेटीत वही सोबत न्या आणि तीन गोष्टी स्वतःहून काढा: वजन का उतरले, ब-12, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासायचे का, आणि फीकल कॅल्प्रोटेक्टिन ही विष्ठेची तपासणी करायची का. आतड्यात सूज आहे की नुसते फुगणे आहे, हे त्या आकड्यावरून बरेचसे कळते, आणि पुढचे पथ्य त्यावरच ठरवता येईल. तिथे आहारतज्ज्ञ असतील तर एमआरआयचा अहवाल त्यांनाही दाखवा. मात्र पोट फुगून कडक झाले, उलट्या थांबेनात, वारा सरेनासा झाला किंवा ताप येऊन कळा वाढल्या, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, पेजही घेऊ नका, रात्र असली तरी निघा आणि जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशाच रुग्णालयात जा.