साडेतीन वर्षांच्या मुलीला घरी गुंतवून ठेवायला रोज नवीन ॲक्टिव्हिटी कुठून आणता?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलगी साडेतीनची आहे, प्रिंट काढून आणलेली पत्रकं थोडा वेळ गिरवते आणि भिरकावून देते, स्क्रीन द्यायचा नाही असं तुम्ही ठरवलंय, आणि घरातले म्हणतात ‘हिला अजून पन्नासपर्यंतसुद्धा येत नाही’. पहिल्या तीन गोष्टींवर लिहायला इथे बरेच जण आहेत. चौथी वाचली आणि मला राहवलं नाही.

तर उत्तर आधी देऊन टाकते. आणू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज नवीन काही नको असतं, तेच ते पुन्हा पुन्हा हवं असतं. नव्याचा सोस आपल्याला, कारण कंटाळा आपल्याला येतो.

आता माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल. त्यांचा मुलगा आणि माझी लेक यांच्यात काही महिन्यांचंच अंतर. त्यांच्याकडे फ्रिजच्या दारावर वेळापत्रक असायचं. सकाळी अंक, मग रंग, मग आकार, जेवणानंतर ‘फाइन मोटर’, म्हणजे बोटांच्या बारीक हालचाली. प्रत्येकाची वेगळी फाइल. हौस दांडगी, मेहनतही खरी, ते मी नाकारत नाही. मुलगा चार वर्षांचा व्हायच्या आत एक ते शंभर म्हणायचा, तेही जलद गाडीसारखं, मधल्या एकाही स्टेशनवर न थांबता. माझी लेक बारापर्यंत जायची आणि त्यातही सात तिला आवडत नसल्यासारखी तो गाळायची. दर भेटीत हे निघायचंच. ‘अगं, तू हिला काहीच करून घेत नाहीस का? नुसती तुझ्या मागे मागे असते.’

मागे मागे असायची हे खरं. मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले की ती मोजे घेऊन बसायची. झाडांना पाणी घालताना तिचा छोटा मग बरोबर. माझं काम दुप्पट लांबायचं. तेव्हा मी घरीच होते, म्हणून ते परवडलं.

एकदा ते सगळे आमच्याकडे राहायला आले होते. जेवायच्या वेळी सासूबाईंनी नातवाला सहज सांगितलं, ‘बाळा, पाच चमचे आण बघू.’ पोरगं धावत गेलं, खण उघडला आणि मूठ भरून चमचे घेऊन आलं. ‘हे पाच आहेत का रे?’ ‘हो.’ ‘मोज बघू.’ त्याने मोजले. जीभ पुढे आणि बोट मागे. चमचे होते आठ, तो अकरावर पोचला. ‘मग किती झाले?’ यावर त्याने ‘अकरा’ असंही म्हटलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, एक, दोन, तीन...

सासूबाई हसल्या आणि माझ्या लेकीला म्हणाल्या, ‘आता तू आण.’ लेकीने एक चमचा आणला, आजीच्या ताटाशी ठेवला. परत गेली. दुसरा आणला, बाबाला. परत गेली. तिसरा काकाला. पुन्हा खणाकडे. तोवर जेवण गार व्हायला आलेलं. काकूला दिला, मला दिला, मग कंबरेवर हात ठेवून सगळ्या ताटांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘आता बास.’ पोरांना वेगळं भरवणार होतो, त्यामुळे मोठ्यांचे पाचच लागणार होते. पाचच आले.

जाऊबाई म्हणाल्या, ‘एका फेरीत आणता येत नाहीत का गं हिला?’

मी म्हटलं, ‘वहिनी, पण पाच आले.’

झालं. जेवणाची चव गेली. हा वाद आमच्यात आजतागायत मिटलेला नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने तो इथे मांडते.

आकडे म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये लहान मुलांच्या मोजण्याची तत्त्वं मांडली, त्यातली तीन घरबसल्या दिसतात. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, कमी नाही, जास्त नाही. आणि शेवटी जो आकडा आला तेच एकूण. शंभरपर्यंत नुसतं पाठ असलेल्या मुलाकडे यातलं फक्त पहिलं असू शकतं. ‘मग किती?’ विचारल्यावर जे मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं, त्याला तिसरं अजून उमगलेलं नसतं. त्यात काळजीचं काही नाही. बऱ्याच मुलांना ते साडेतीन-चारच्या आसपास कळू लागतं. आधी ‘एक दे’ कळतं, मग ‘दोन दे’, मग ‘तीन दे’, आणि मधे महिने जातात. म्हणजे पुतण्याचं काहीच चुकलं नव्हतं. वय तेच होतं. फ्रिजवरच्या वेळापत्रकाने ते लवकर आणलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

आणि माझी लेक? तिलाही ‘पाच’ कळत नव्हतं. तिला माणसं कळत होती. एका माणसाला एक चमचा. पण हाच तर मोजण्याचा पाया आहे, आणि तो रोज दोनदा आपोआप घातला जातो, फक्त ताटं मांडायचं काम तिच्याकडे द्यायला हवं आणि तिच्या फेऱ्या मोजत उसासे टाकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी परतफेड केली. दोन्ही पोरांना सारख्या पेल्यांत सारखं पाणी दिलं होतं. कुणीतरी एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या बरणीत ओतलं आणि बरणीवरून मारामारी सुरू झाली, कारण ‘यात जास्त आहे!’ वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुझ्या मोकळ्या पद्धतीत हे नाही वाटतं शिकवत?’ आणि त्या शिकवायला बसल्या. बरणीतलं पेल्यात, पेल्यातलं बरणीत. ‘बघा, सारखंच आहे की नाही?’ दोघंही मान डोलवत ‘सारखंच’ म्हणायची, आणि पाणी बरणीत गेलं रे गेलं की दोघांचेही हात बरणीवर.

हा तर मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग, आमच्या ओट्यावर आपसूक झालेला. लहान मूल उंची बघतं, रुंदी त्याच वेळी ध्यानात घेत नाही. बहुतेक मुलांना हे साधारण सहा-सातच्या सुमाराला पटतं. सांगून नाही पटत. खूप ओतून, सांडून पटतं. आता इथे वहिनींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. गेलमन बाईंनीच 1969 मध्ये दाखवलं होतं की पाचेक वर्षांच्या मुलांना नीट सराव दिला तर हे आधीही जमू शकतं. आणि 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी एक गंमत केली. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ मोठ्या माणसाने पसरवण्याऐवजी ‘खोडकर’ टेडीने विस्कटली, तर ‘अजून सारख्याच आहेत’ असं बरोबर सांगणारी मुलं कितीतरी वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदललं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला की मुलाला वाटतं उत्तरही बदलायचं असणार. तुमच्याकडे टेडी असेल तर त्याच्याकडून खोड्या करून घ्या. तुम्हाला ॲक्टिव्हिटी हवी होती ना, ही घ्या. दोन ओळींत बटणं लावा, टेडी येऊन एक ओळ पसरवणार, मग लेकीने त्याला रागवायचं आणि ‘कमी-जास्त झाली का’ ते सांगायचं.

बाकी माझ्याकडचं सगळं सामान घरातलंच. मोज्यांचं सांगते, कारण त्याच्याइतकं मला दुसरं काही सापडलं नाही. वाळलेले मोजे ढिगाने जमिनीवर टाकायचे आणि जोड्या लाव म्हणायचं, बस. लेक टाच टाचेला लावून लांबी बघायची. एक पुढे आला की तो खाली ठेवून दुसरा उचलायची. एकदा तिने आजोबांचा राखाडी मोजा आणि बाबाचा काळा मोजा एकमेकांत गुंडाळून ठेवले. ‘हे मित्र आहेत.’ का? तर दोघांनाही अंगठ्यापाशी भोक होतं. वहिनींनी लगेच सोडवले, ‘चूक गं, रंग बघ ना.’ मला अजून त्याचा राग येतो. रंगावरून जोडी लावणं पत्रकातही असतं. मुलाने स्वतः निकष शोधून वर्गवारी करणं कुठल्याही पत्रकात नसतं, आणि अवघड तेच आहे.

गिरवण्याबद्दलही स्पष्ट बोलते. साडेतीनला अक्षरं गिरवून घेण्यात काही अर्थ नाही. पेन्सिल तीन बोटांत नीट धरणं बहुतेकांना चार ते सहा या वयात जमतं, त्याआधी मुठीत धरून केलेलं गिरवणं ही मनगटाची शिक्षा आहे. त्यापेक्षा दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढायला द्या, ओला फडका पिळायला द्या, जुना कागद फाडू द्या, शर्टाची बटणं लावू द्या, तेही आधी अंगात न घालता मांडीवर पसरून. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत आपली पहिली बालवाडी उघडली, तिथे मुलांना हात धुणं, ओतणं, बटणं-बंद लावणं अशी कामं होती, आणि त्यांनी लिहून ठेवलंय की मुलं खेळणी बाजूला सारून खऱ्या कामाकडे वळत. आज त्याच नावाने खोके भरभरून सामान विकलं जातं, तो विषय वेगळा.

अक्षरओळख म्हणाल तर तिच्या नावातली अक्षरं आधी दाखवा, तीच ती सगळीकडे शोधत बसेल. रोज मोठ्याने गोष्ट वाचा, तीच गोष्ट मागितली तर तीच वाचा, आणि एखादा शब्द मुद्दाम चुकवा. चूक पकडण्याइतकी मजा त्या वयात कशात नसते. अंधारात टॉर्च लावून भिंतीवर हाताची सावली पाडा, हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी का होते ते तिलाच शोधू द्या. रिकामं खोकं मिळालं तर त्याचं काय करायचं हे सांगू नका.

स्क्रीनचं: जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास म्हटलंय, कमी असेल तेवढं चांगलं. शून्य म्हटलेलं नाही. त्याच कागदात तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटं तरी धावपळीची, असंही आहे, आणि ते कुणी सांगत नाही. टेबलाशी बसवून करायच्या ‘ॲक्टिव्हिटी’ त्यात मोजल्या जात नाहीत.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. मी घरी होते. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल तर रोज चमच्यांच्या फेऱ्या शक्य नाहीत, सुट्टीला करा, एरवी मोज्यांवर भागवा. पाण्याचा खेळ चालू असताना तिथून हलू नका, फोन आला तरी नाही, थोडक्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. बटणं, मणी असलं काही असेल तर समोर बसून, आणि घरात तीन वर्षांखालचं दुसरं मूल असेल तर अजिबात नको. टिश्यूच्या रोलच्या नळीतून जी वस्तू आत जाते ती तान्ह्याच्या घशात अडकू शकते असं समजा. नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे लोहचुंबक खेळण्यांतही असतात, ते कुलपात. आणि मुलगी हाक मारल्यावर बघत नसेल किंवा अजून दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, तर माझं उत्तर विसरा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

राहिला घरातल्यांचा पन्नासचा आकडा. त्याला माझा विरोध नाही. जिना चढताना, आंघोळ घालताना म्हणत जा, होईल पाठ. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला उपयोगी पडतं आणि सासरचे गप्प होतात. मी तेवढंही केलं नाही, हट्टाने केलं नाही, कारण वहिनींनी सांगितलं होतं.

पुतण्या आता शाळेत गणितात चांगला आहे. माझी लेकही आहे. त्यामुळे आमच्या दोघींत बरोबर कोण होतं हे ठरायची सोय उरलेली नाही. माझ्या मते मीच होते. वहिनींना विचारलंत तर त्या फाइल काढून दाखवतील, अजून जपून ठेवल्यात त्यांनी.