दोन मीटर उंचीचा बंधारा बांधताना चढणीच्या माशांसाठी वाट कशी ठेवावी?

तुमच्या नदीवर कोल्हापुरी बंधारा होणार असेल, तर मत्स्यशिडीवर, म्हणजे मासे चढण्यासाठीच्या पायऱ्यांच्या वाटेवर, पैसे घालू नका. गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या वाटांचा, उंबरा मूळ नदीतळाच्या पातळीला ठेवायला लावा आणि बर्गे, म्हणजे गाळे बंद करणाऱ्या फळ्या, मृगाआधी निघतील हे पाहा. मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात ते पहिल्या पुरांत. ऑक्टोबरमध्ये बर्गे बसेपर्यंत चढण आटोपलेली असते. गाळात रुतलेले खालचे एक-दोन बर्गे "राहू दे" म्हणून सोडतात, ते मात्र सोडू नका. वाट तिथेच बंद होते.

घात होतो तो बंधाऱ्याच्या पायथ्याच्या काँक्रीट ॲप्रनवर, म्हणजे खालच्या बाजूला पसरलेल्या फरशीवर. पाणी तिथे बोटभर खोल आणि जोरात पसरतं, माशाला पोहायला जागाच उरत नाही. पुढे टोकाशी तळ खरवडला जाऊन पायरी पडते. त्यामुळे ॲप्रन तळापेक्षा 30 सेंमी खाली घ्या, टोकाची भिंत खोल न्या आणि त्यापुढे मोठे दगड भरा.

पक्का, गाळे नसलेला बंधारा असेल तर शिडी हवीच. सामन (सॅल्मन) माशांसाठीच्या, 30 सेंमी पायऱ्यांच्या शिडीची नक्कल नको. तेवढ्या उतारावर पाण्याचा वेग सेकंदाला 2.4 मीटर होतो. पायरी 10 सेंमीची ठेवली तर तो 1.4 वर येतो आणि लहान मासेही चढू शकतात. दोन मीटरसाठी अशा 20 पायऱ्या लागतात. दोन पायऱ्यांमधलं प्रत्येक कुंड 2 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, पाणी 60 सेंमी. मधल्या भिंतीत तळापर्यंत 20 सेंमीची उभी फट. यातून सेकंदाला साधारण 110 लिटर पाणी जातं. एकूण लांबी 42 मीटरच्या आसपास, जागा नसेल तर वळवून घ्या. मळ्या, मुरी, वांब हे मासे तळाला धरून चालतात, म्हणून तळात 15-20 सेंमीचे दगड रोवा. गुळगुळीत काँक्रीट त्यांच्या कामाचं नाही.

शिडीचं खालचं तोंड बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याशी हवं. मासे प्रवाहाचा माग काढत भिंतीपर्यंत जातात. तोंड 30 मीटर खाली राहिलं तर ते पुढे निघून जातात आणि भिंतीशी घुटमळत राहतात. वरचं तोंड सांडव्यापासून दूर काठाशी ठेवा, नाहीतर दमलेला मासा परत खाली वाहून येतो.

प्रत्येक पुरानंतर फटीतला पालापाचोळा काढणारा माणूस आधीच ठरवा. शिडीत जाळं लावायला बंदी ग्रामसभेत मंजूर करून घ्या, कारण त्या अरुंद वाटेत एका रात्रीत सगळी चढण पकडली जाते.